सोन्यावरची चिनी माती

जनूभाऊ पोतदार समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बोलायचे. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ किती मन लावून ऐकतो आहे. प्रत्यक्षात ते दात बघत असायचे. अलिबागेत माणसं एकमेकांना नावानं, आडनावानं, फार तर आळीवरून ओळखायची. जनूभाऊ दातांवरून ओळखत. मी कचेरीतल्या एखाद्या कारकुनाबद्दल काही सांगायला लागलो की ते मधेच विचारायचे, "म्हणजे तो वरचा सुळा फिरलेला?" मी हो म्हटलं की मगच तो कारकून त्यांना डोळ्यांसमोर दिसायचा. एकदा मुंबईहून एक मोठे पुढारी सभेला आले होते. गावभर भाषणाची चर्चा. जनूभाऊंचं मत एवढंच की वरची कवळी सैल आहे, आणि ती पडू नये म्हणून बुवा घोषणा द्यायचं काम दुसऱ्यावर सोपवतो.

मी दंतवैद्य. पदवी घेऊन साठ सालानंतर अलिबागेत दवाखाना थाटला, तेव्हा गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं आणि जनूभाऊंना न ओळखणारं कोणी नव्हतं. लोकांचा असा समज असतो की दात डॉक्टरच तयार करतो. डॉक्टर फक्त काढतो, घासतो आणि माप घेतो. त्या मापावर दात घडवणारा कारागीर वेगळा असतो. आमच्या किनाऱ्यावर तो कारागीर म्हणजे जनूभाऊ. माझ्या दवाखान्यासमोरच त्यांचं घर होतं आणि घराच्या पडवीत त्यांचा 'कारखाना'. एक टेबल, एक स्टूल, फुंकणी, चिमटे आणि प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा, एवढ्यालाच ते कारखाना म्हणत. पडवीत पाऊल टाकलं की ते जबडे आपल्याकडे बघून हसत. पहिल्या भेटीत मला बरं वाटलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलंही. "सवय होईल," ते म्हणाले, "निदान हे उलट बोलत नाहीत."

जन्मानं ते सोनार. वडिलांच्या हाताखाली दागिने घडवायला शिकले, पण तरुणपणी मुंबईला गेले आणि फोर्टातल्या एका इंग्रज दंतवैद्याकडे दात करायला लागले. सोन्याचा दात हाही एक दागिनाच, असं त्यांचं म्हणणं. सत्तेचाळीस साली साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं काही हत्यारं जनूभाऊंना दिली. ती पिशवीत घालून ते भाऊच्या धक्क्यावर लॉंचमध्ये बसले, रेवसला उतरले आणि पुन्हा कायमचे मुंबईला म्हणून गेले नाहीत. इंग्रज देश सोडून गेले हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. जाताना चांगले चिमटे मात्र अलिबागेला ठेवून गेले, हे फक्त जनूभाऊंना ठाऊक होतं आणि ते हे प्रत्येकाला सांगत.

त्यांची काम घ्यायची पद्धत वेगळीच होती. मी माप पाठवलं की लगेच काम सुरू होत नसे. माणूस स्वतः यावा लागे. त्याला ते स्टुलावर बसवत आणि पहिला प्रश्न विचारत, "जेवणात काय असतं?" बांगडा खाणाऱ्याचे दात वेगळे आणि वरणभात खाणाऱ्याचे वेगळे, हा त्यांचा सिद्धांत. कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी हसायचो. मग एकदा थळच्या कोळ्यांचा एक म्हातारा तांडेल कवळी घेऊन माझ्याकडे तक्रार करत आला. "दात ब्येस हायेत डाक्तर, पन हसलो की खाली येतात." मी त्याला जनूभाऊंकडे नेलं. जनूभाऊंनी कवळीला हातही लावला नाही. त्यांनी विचारलं की कवळी करताना तुम्ही मला काय खातो म्हणून सांगितलं होतं? तांडेलानं मान खाली घातली. ब्राह्मण आळीच्या तोंडाशी असलेल्या घरात येऊन सुकटीचं नाव कसं काढायचं, म्हणून त्यानं भिडेपोटी 'भातभाजी' सांगितलं होतं. जनूभाऊंनी नवी कवळी केली, ती चांगली बसली, आणि पुढे महिनाभर ते मला ऐकवत राहिले की रोगी डॉक्टरशी खोटं बोलतो, कारागिराशी बोलला तर मात्र लगेच उघडा पडतो. नवी कवळी बसली ती माप मी दुसऱ्यांदा नीट घेतल्यामुळे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

जनूभाऊंना पुरतं टक्कल होतं, आणि त्या टकलाची निगा राखण्याचं काम इंदूवहिनींकडे होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की पडवीच्या पायरीवर ते बसत आणि वहिनी कोमट खोबरेल तेल त्यांच्या डोक्यावर थापत. तो थप थप आवाज माझ्या दवाखान्यापर्यंत येई. तेल इतकं असे की दिवसभर ते कपाळावर उतरत राही. ते पुसत, ते पुन्हा उतरे. केस नसलेल्या डोक्याला तेल कशाला, असं मी एकदा वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या की डोकं आतून तापतं, त्यासाठी असतं ते. आणि हसल्या. त्यांचं हसणं असं असे की माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला रोगी दचकायचा. घरात मूलबाळ नव्हतं. ते हसणंच त्या घराचं नांदतं असणं होतं.

वहिनींचा दात गेला तो जनूभाऊंच्या सुपारीपायी. दिवसभर लोकांना सुपारी खाऊ नका म्हणून बजावणारा हा गृहस्थ जेवल्यावर स्वतः सुपारी खाई. घरातला अडकित्ता त्यांनी सोन्याच्या तारा कातरायला कारखान्यात नेला होता आणि तो जबड्यांच्या ढिगात कुठं तरी गडप झाला होता. एका दुपारी त्यांनी सुपारीचा धोशा लावला, अडकित्ता सापडेना, तेव्हा वहिनींनी सुपारी दातांत धरून फोडली. सुपारी फुटली आणि समोरचा वरचा दातही अर्धा गेला.

त्या दिवसापासून ते हसणं बंद झालं. वहिनी तोंडावर पदर धरून बोलू लागल्या. हळदीकुंकवाला जायचं बंद, मारुतीच्या देवळात जायचं ते माणसं नसतील तेव्हा. खुंट उरला होता, त्यावर सोन्याची टोपी चढवली असती तर एका आठवड्यात काम झालं असतं. जनूभाऊंच्या हातची सोन्याची टोपी म्हणजे पिढ्यांची सोय. पण समोरच्या दातावर सोनं म्हटल्यावर वहिनींनी साफ सांगितलं की मी काही तांडेल नाही. दर्यावरची माणसं तेव्हा हौसेनं सोन्याचा दात लावत. प्लास्टिकचा दात लावावा तर तो वर्षभरात पिवळा पडतो आणि झिजतो, हे जनूभाऊंना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

त्याच सुमारास मुंबईत नवीन प्रकार आला होता. आत सोन्याची पातळ टोपी आणि तिच्यावर भट्टीत भाजून बसवलेली चिनी माती. आतून सोन्यासारखा बळकट आणि बाहेरून खऱ्या दातासारखा. जनूभाऊ रेवसहून लॉंचनं मुंबईला गेले, त्यांच्या ओळखीच्या एका पारशी दंतवैद्याकडे चार दिवस राहिले आणि त्याची टाकलेली विजेची भट्टी, परदेशी मातीच्या पुड्या आणि वापरायचा छापील कागद घेऊन परत आले. पायरीवर उभे राहून त्यांनी जाहीर केलं की या किनाऱ्यावरचा असला पहिला दात इंदूच्या तोंडात बसेल. अपराध त्यांचा होता, हे ते बोलले नाहीत. ते बोलायची गरज नव्हती, कारण त्याच दिवसापासून त्यांनी सुपारी सोडली.

वहिनींनी हातातली एक पाटली उतरवून दिली. दात माझा, तर सोनंही माझंच, असा त्यांचा हट्ट. जनूभाऊंनी ती आटवून टोपी केली. पहिल्याच भाजणीत टोपी वाकली आणि माती हिरवट झाली. दागिन्याच्या सोन्यात तांबं-चांदी असते, ती या भट्टीला चालत नाही. तिथे प्लॅटिनम मिसळलेलं खास सोनं लागतं. मग उरलेलं पाटलीचं सोनं मुंबईला बदलून त्यांनी ते खास सोनं आणलं आणि वहिनींना सांगितलं की हे तुझंच आहे, नुसतं शुद्ध करून आणलं. वहिनींनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

आता टोपी वाकत नव्हती, रंगही नीट येत होता. पण माती सोन्याला धरेना. भट्टीतून काढलेला दात दिसायचा सुरेख. जनूभाऊ तो चिमट्यात धरून मला दाखवायला रस्ता ओलांडत यायचे आणि रस्त्याच्या मध्यावरच कधी तरी 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. मातीची खपली उडून पडायची आणि खाली सोनं लख्ख चमकत असायचं. ते लख्ख सोनंच मला सतावत होतं. माती मातीतच मोडली असती तर भाजणीत चूक म्हणता आली असती. सोन्यावर मातीचा कणही राहत नव्हता, म्हणजे दोघांची गाठ पडलेलीच नव्हती. मध्ये काही तरी येत होतं.

आम्ही छापील कागद ओळीओळीनं वाचला. टोपी दगडानं घासा. ती खरखरीत होत होती. तेजाबात धुवा. धूत होते. नुसती टोपी आधी भट्टीत तापवा, म्हणजे तिच्यावर मातीला धरणारा बारीक थर येतो, आणि नंतर तिला हात लावू नका. "हात कोण लावतो?" जनूभाऊ कडाडले आणि साहेबाचा चिमटा माझ्या नाकासमोर नाचवला. खरंच होतं ते. मी स्वतः उभा राहून पाहिलं, त्यांचं बोट टोपीला लागत नव्हतं.

मग दोष बाहेर शोधणं सुरू झालं. आधी खारा वारा. पडवीच्या साऱ्या फटी त्यांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांनी बुजवल्या आणि आत घामानं निथळत बसले. मग वीज. गावची वीज म्हणजे मंद, संध्याकाळी तर दिवा लागलाय का ते कापूर लावून बघावं लागे. म्हणून भाजणी भल्या सकाळी. मग शेजारच्या कोळणीनं सांगितलं की ओहोटीला कोणतंही काम धरत नाही, तेव्हा हा विलायती कागद वाचणारा माणूस भरती बघून भट्टी लावू लागला. मला बोलावणं यायचं तेही तसंच: "डॉक्टर, चारला भरती आहे, रोगी लवकर उरका." मी हसत होतो, पण समोरच्या घरात पदराआडचं तोंड दिवसेंदिवस गप्प होत होतं, हे मला दिसत होतं. एका संध्याकाळी जनूभाऊ तुटलेल्या खपल्यांची पुडी मांडीवर घेऊन माझ्याकडे बसले आणि म्हणाले, "एका सुपारीसाठी मी तिचं हसू घालवलं डॉक्टर." मी चहा मागवला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी वहिनींना सांगून टाकलं की जमत नाही, सोन्याचाच लावू. त्या दिवशी त्या घरात काय झालं ते मी ऐकलं नाही, पण थप थप आवाज मात्र आला नाही. वहिनी रागावून आतल्या खोलीत बसल्या. जनूभाऊ कोरड्या टकलानं कारखान्यात गेले आणि हाताला चाळा म्हणून एक सरावाची टोपी भाजून काढली. ती सुटली नाही. त्यांनी ती टेबलावर आपटली, उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकली, तरी सुटली नाही. आनंदानं ते वहिनींकडे धावले, समेट झाला, दुसऱ्या दिवशी डोक्यावर तेल दुप्पट थापलं गेलं आणि वहिनींची खरी टोपी पुन्हा 'टक्' झाली. जनूभाऊंनी निष्कर्ष काढला की काल उधाणाची भरती होती, म्हणून पुढच्या अमावास्येपर्यंत थांबलं पाहिजे.

दुपारी वहिनी दवाखान्यात आल्या. कधी येत नसत. पदर तोंडावर धरूनच उभ्या राहिल्या. "भावोजी, काल मी ह्यांच्या डोक्याला तेल घातलं नव्हतं. बाकी सगळं रोजच्यासारखंच होतं."

मी हातातलं काम टाकून पडवीत गेलो आणि कोपऱ्यात बसून बघत राहिलो. माझ्या आग्रहावरून जनूभाऊंनी सरावाची एक टोपी घासली, धुतली, तापवली, चिमट्यानं बाहेर काढली, निवू दिली. बोट लावलं नाही. आणि मातीचा ब्रश उचलण्याआधी चिमट्यासकट ती टोपी कपाळाला टेकवली. सोनं म्हणजे लक्ष्मी. सोनार ती कपाळाला लावल्याशिवाय पुढच्या कामाला हात घालत नाही. बापानं शिकवलेली सवय, त्यांच्या ध्यानातही नव्हती. आणि मी ती शंभरदा पाहूनही पाहिली नव्हती, कारण पाय लागलेलं पुस्तक आणि सकाळची पहिली फी मीही तशीच कपाळाला लावतो. ते कपाळ तेलानं न्हालेलं होतं.

मी सांगितलं तेव्हा जनूभाऊंनी कपाळावरून बोट फिरवून ते उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले की दात राहिला तरी चालेल, पण सोन्याला नमस्कार केल्याशिवाय काम करणार नाही. आणि डोक्याचं तेल हा घरातला प्रश्न आहे, त्यात डॉक्टरांनी पडू नये. झालं, म्हणजे आता हा दात धर्म आणि संसार यांच्यामध्ये अडकला, असं मला वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी तो सोडवला. "दिवाळीला आधी तेल लावतो की आधी अंघोळ करतो?" त्यांनी विचारलं. "नमस्कार आधी करा. मग तिला न्हाऊ घाला, मग भट्टीत घाला. न्हाल्यावर कोण पुन्हा तेल लावतं?"

क्रम ठरला. पण हातानं पन्नास वर्षं केलेलं काम एका दिवसात कसं सुटणार? टोपी भट्टीतून निघाली की चिमटा आपोआप कपाळाकडे निघायचा. शेवटी वहिनी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी जनूभाऊंचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्या काळात आमच्याकडे नवराबायको चारचौघांत शेजारी बसत नसत, मग हात धरणं दूरच. मी बाहेर जाऊन रस्त्याकडे पाहत उभा राहिलो. आतून 'टक्' आवाज आला नाही. ओहोटी चालू होती, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आणि पुढे त्यांना अनेकदा ऐकवलं.

दात मी बसवला. खऱ्या दाताशेजारी तो वेगळा ओळखू येत नव्हता. पण पदर काही खाली येईना, सवयच झाली होती. जनूभाऊंचा जीव टांगणीला. एवढा दात केला आणि तो सोडून गावाला बाकी सगळं दिसतं, म्हणून ते चिडायचे. पाहुणे आले की वहिनींना उगाच बाहेर बोलावून काही तरी बोलायला लावायचे, आणि त्या पदराआडून हूं म्हणून आत जायच्या.

पुढे आम्ही सगळे पालीला गेलो होतो, बल्लाळेश्वराला. जनूभाऊ गाभाऱ्यासमोर उभे राहिले, त्यांनी हात जोडले, ते कपाळाकडे नेले आणि मध्येच थबकले. मनगट धरणाऱ्या शिस्तीचा एवढा धाक बसला होता की देवासमोरही त्यांनी वळून वहिनींकडे पाहिलं, आता चालेल ना म्हणून. आणि वहिनी हसल्या. पदर नाही, काही नाही, पूर्वीसारखं, देवळातली माणसं दचकतील असं. जनूभाऊ देवाकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या वेळी तरी ते दात बघत नव्हते असं मी म्हणणार होतो, पण परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "कडेला सोन्याची रेघ दिसत नाही, पाहिलंत?"

इंदूवहिनी त्यानंतर तीन पावसाळेही राहिल्या नाहीत. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेल्या. ओटीवर त्यांना निजवलं होतं. मोठ्या जाऊबाई रडत रडत म्हणाल्या की तोंडात ठेवायला सोन्याचा मणी काढा, तुळशीपत्र मी आणलं आहे. बायका मंगळसूत्राकडे वळल्या. भिंतीला टेकून बसलेले जनूभाऊ तेव्हा पहिल्यांदा बोलले. "नको. तिच्या तोंडात आहे." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. नुसतं तुळशीपत्र ठेवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला आम्ही समुद्रकाठच्या स्मशानात गेलो. राख निवली होती, वर दूध-पाणी शिंपडून झालं होतं. बाकीचे मडक्यात अस्थी गोळा करत होते. जनूभाऊ डोक्याच्या बाजूला उकिडवे बसले आणि बोटांनी राख बाजूला सारू लागले. पुतण्या म्हणाला, काका, आम्ही करतो. त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो, कारण ते काय शोधत होते हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

ते सापडलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, उन्हात धरलं, फिरवून पाहिलं. माती धुरकटली होती, वर बारीक भेगांचं जाळं आलं होतं. सोनं आणि माती जिथं मिळतात त्या कडेवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा नाही, पूर्ण गोल. मग तो दात माझ्या तळव्यावर ठेवला.

"सुटलं नाही, डॉक्टर," ते म्हणाले.

मी पाहिलं. सुटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. त्यांनी दात परत घेतला, मडक्यातल्या अस्थींमध्ये ठेवला आणि वरचं फडकं स्वतःच्या हातानं बांधलं.